७०० तासांचं बिल

समुपदेशनाच्या खोलीत दोन माणसं बसतात. त्यांतलं एक पैसे देतं आणि दुसरं घेतं, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत क्लिनिकल मेंटल हेल्थ काउन्सेलर होण्यासाठी मास्टर्स करणारी विद्यार्थिनी इंटर्नशिपला बसते तेव्हा हा हिशोब चुकतो. क्लायंट ऐपतीप्रमाणे जे काही थोडंफार द्यायचं ते संस्थेला देतो. विद्यार्थिनीही देते, पण विद्यापीठाला. इंटर्नशिप हा अभ्यासक्रमातला विषय आहे, त्याला क्रेडिट आहेत आणि प्रत्येक क्रेडिटला फी आहे. म्हणजे बोलणारा आणि ऐकणारी, दोघंही पदरचे पैसे मोडून तिथे आलेली असतात. बहुतेक इंटर्नशिपमध्ये तिला त्या कामाचा एक पैसाही मिळत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या प्रशिक्षणाचे तास कमी करू नयेत. पण त्या तासांचं बिल शिकणाऱ्याच्या नावावर फाडणं बंद करावं. ते सार्वजनिक तिजोरीतून भरलं जावं, जसं डॉक्टरांचं भरलं जातं.

तास किती, ते पाहू. या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी मुख्य संस्था म्हणजे १९८१ साली स्थापन झालेली केक्रेप. तिच्या नियमांप्रमाणे ही मास्टर्स ६० क्रेडिटची असते. वर्गातले विषय झाले की प्रॅक्टिकमचे, म्हणजे देखरेखीखालच्या पहिल्या सरावाचे, १०० तास, त्यांतले किमान ४० प्रत्यक्ष क्लायंटसोबत. मग इंटर्नशिपचे ६०० तास, त्यांतले किमान २४० प्रत्यक्ष. एकूण ७००. आठवड्याला २० तास धरले तरी एकट्या इंटर्नशिपला ३० आठवडे लागतात. क्लायंटसोबतचे सोडून उरलेले तास नोंदी लिहिण्यात, उपचाराचा आराखडा करण्यात, सुपरव्हायझरसमोर बसण्यात आणि आज येणार होता तो क्लायंट का आला नाही, हे फोन करून विचारण्यात जातात.

डिग्री मिळाल्यावर लायसन्सची वाट सुरू होते. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. व्हर्जिनियाने १९७६ साली पहिला केला, कॅलिफोर्नियाने सगळ्यांत शेवटी, २००९ मध्ये. कॅलिफोर्नियात डिग्रीनंतर देखरेखीखाली ३,००० तास भरावे लागतात, त्यांतले १,७५० थेट समुपदेशनाचे, आणि कितीही घाई केली तरी १०४ आठवड्यांच्या आत ते पुरे झालेले चालत नाहीत. टेक्सासमध्येही ३,०००, त्यांतले १,५०० थेट. वर परीक्षा. या काळात पगार मिळू शकतो, पण तो शिकाऊ माणसाचा पगार असतो आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते मात्र पूर्ण माणसाचे.

एवढं वाचल्यावर कोणीही म्हणेल की हा सगळा बागुलबुवा आहे, तास निम्मे करा. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण त्या तासांत नेमकं काय घडतं, यात आहे.

आपल्या भाषेत या कामाला समुपदेशन म्हणतात, आणि त्या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसलाय. शब्द घडवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण पहिल्या सेमिस्टरमध्ये विद्यार्थ्याच्या अंगातून जी गोष्ट मुश्किलीने काढावी लागते, नेमकी तीच या शब्दाने दारावरच्या पाटीवर लावून ठेवली. समोरच्याने दुःख सांगितलं की आपण सल्ला देतो, धीर देतो, नाहीतर स्वतःची गोष्ट सुरू करतो. कोणाचं रडं ऐकत नुसतं बसणं आपल्याला जमत नाही. ती सवय पुस्तक वाचून जात नाही. ती जाते रेकॉर्डिंग ऐकून.

शिकाऊ समुपदेशक क्लायंटची लेखी संमती घेऊन सेशन रेकॉर्ड करते. आठवड्याला सरासरी एक तास सुपरव्हायझरसोबत वैयक्तिक किंवा दोघींच्या जोडीने, आणि दीड तास गटात, असा सुपरव्हिजनचा नियम आहे. तिथे ते रेकॉर्डिंग लावलं जातं. समजा, त्यात क्लायंट म्हणतो, “आता थकलोय मी. खरंच थकलोय.” आणि ती विचारते, “झोप नीट लागते का?” सुपरव्हायझर तिथेच थांबवते. पुन्हा लावते. “त्याने थकलोय दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा आवाज कसा होता?” विद्यार्थिनी गप्प. तिला आवाज ऐकू आला होता. तिने जो प्रश्न टाळला तो असा होता: “आयुष्य संपवावं असं मनात येतं का?” तो शब्द आपण उच्चारला तर आपणच त्याच्या डोक्यात ती कल्पना घालू, अशी भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. थेट विचारल्याने धोका वाढत नाही, हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलंय, वर्गात ते शिकवलेलंही असतं, परीक्षेत तिने बरोबर पर्यायावर खूणही केलेली असते. तरी खोलीत जीभ वळत नाही. पुढच्या आठवड्यात वळते, कारण मधल्या काळात कोणीतरी तिच्यासमोर बसून तो प्रश्न तिच्या तोंडून पाच-सात वेळा वदवून घेतला.

लायसन्ससाठीच्या एका राष्ट्रीय परीक्षेत २०० बहुपर्यायी प्रश्न असतात. त्यांतला एकही हे पकडू शकत नाही.

ही पद्धत जुनी आहे. १९२० साली बर्लिनमध्ये मनोविश्लेषकांनी एक दवाखाना काढला. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यावर तिथे फुकट किंवा अल्प शुल्कात उपचार होत आणि त्याच जागी नवे विश्लेषक घडत. स्वतःचं विश्लेषण, सिद्धान्ताचे वर्ग आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केस, हे त्रिकूट तिथे पक्कं झालं. गरिबांचा दवाखाना आणि शिकाऊंची शाळा एकाच छपराखाली, ही जोडीही तिथलीच. तिच्याकडे मी परत येणार आहे. पुढे १९४०च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी सेशन तबकड्यांवर मुद्रित करायला सुरुवात केली. काही मिनिटांत तबकडी भरायची, लगेच दुसरी लावायची. त्यांच्या १९४२च्या पुस्तकात एका क्लायंटच्या आठही भेटींचा शब्दशः वृत्तांत छापला आहे. तोवर बंद दाराआड काय घडलं हे कळण्याचा एकच मार्ग होता: थेरपिस्टची आठवण. आणि आपण किती बोललो, हे कुणाला खरं आठवतं?

आता या सगळ्याला एक जोरदार उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाणं लबाडीचं ठरेल. उत्तर असं: डिग्रीची गरजच काय? १९७९ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या एका अभ्यासात नैराश्य-चिंता असलेल्या कॉलेजच्या मुलांना दोन गटांत पाठवलं गेलं. एक गट मुरलेल्या मानसोपचारकांकडे, दुसरा समजूतदार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राध्यापकांकडे, ज्यांना मानसोपचाराचं कसलंही प्रशिक्षण नव्हतं. सरासरीत दोन्ही गट सारखेच सुधारले. झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्यांबाहेर बाकं मांडून आजीबाईंना समुपदेशनाला बसवलं. त्यांच्या कामाची ५७३ रुग्णांवर केलेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि नैराश्याची लक्षणं नेहमीच्या उपचारापेक्षा ठळकपणे कमी झालेली दिसली. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ नैराश्यग्रस्तांवर चाचणी घेतली. तिथेही ६ ते ८ सेशनचा उपचार मानसोपचाराचं पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी दिला आणि तो लागू पडला.

मग ६० क्रेडिट कशाला? हा पेशा आपल्या दुकानाभोवती कुंपण घालतोय, एवढंच ना?

थोडं खरं आहे. कुंपण घालण्याचा मोह कुठल्या पेशाला सुटलाय? परवान्याची प्रत्येक अट रुग्णाच्या भल्यासाठीच असते असं मी म्हणणार नाही. पण गोव्याच्या चाचणीचा तपशील पाहिला की वेगळंच काही दिसतं. ते समुपदेशक एकाच आजारासाठी, एकच ठरलेली पद्धत वापरत होते, आणि आपल्या सेशनचं रेकॉर्डिंग गटात बसून ऐकत होते, एकमेकांच्या कामाला गुण देत होते. हरारेच्या आजीबाईंच्या पाठीशीही देखरेखीची साखळी होती. म्हणजे डिग्री काढून टाकली तरी काम चाललं. देखरेख मात्र कुणीच काढली नाही. ज्याच्याकडे आज नैराश्य, उद्या व्यसन, परवा लहानपणीच्या अत्याचाराची आठवण आणि त्यानंतर पहिलाच मॅनियाचा झटका येणार आहे, त्याला एका पद्धतीवर भागवता येत नाही. त्याला रुंद शिक्षण लागतं. पण शिक्षण कितीही रुंद असो, त्याचा कणा तोच: कोणीतरी तुमचं काम ऐकतंय.

उलट बाजूचा पुरावा तर आणखी बोचरा आहे. २०१६ मधल्याच एका अभ्यासात १७० थेरपिस्ट आणि त्यांचे ६,५९१ रुग्ण तपासले गेले. काही थेरपिस्टची माहिती १८ वर्षांपर्यंतची होती. अनुभव वाढला तसे थेरपिस्ट चांगले होत गेले का? सरासरीने नाही. परिणाम अगदी किंचित का होईना, घसरलेच. लवकर सोडून जाणारे रुग्ण कमी झाले, ही जमेची बाजू. पण नुसती वर्षं गेल्याने हात बसतो, हा आपला समज इथे टिकत नाही. सुताराचा रंधा चुकला तर फळी लगेच दाखवते. समुपदेशकाचा चुकला तर क्लायंट “बरं वाटलं, येतो” म्हणतो आणि परत येत नाही. चूक दाखवणारं कोणी नसेल तर हजार तास आणि दहा हजार तास सारखेच. दोन शनिवार-रविवारांत ‘प्रमाणित समुपदेशक’ करून देणारे कोर्स हल्ली जागोजागी आहेत. पी हळद नि हो गोरी! त्यांवरची माझी हरकत ते छोटे आहेत ही नाही. त्यानंतर कोणी तुमचं एकही सेशन ऐकत नाही, ही आहे.

तर देखरेखीखालचे तास ही या शिक्षणातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे असं माझं मत. आणि नेमकी तीच गोष्ट आपण अशा रीतीने विकतो की ती ज्याला परवडते त्यालाच मिळावी.

आठवड्याचे २० तास फुकट द्यायला कोणाला जमतं? ज्याच्यामागे बचत आहे, कमावता जोडीदार आहे, आईवडील भाडं भरतात, त्याला. जी बाई दिवसभर दुसऱ्याच कामावर जाते, संध्याकाळी मुलांना सांभाळते, ती वर्ग रात्रीचे घेऊन कसेबसे पुरे करते आणि इंटर्नशिपपाशी अडते, कारण बऱ्याच संस्थांचं काम दिवसाच चालतं. नोकरी सोडायची किंवा डिग्री. गरिबीत वाढलेला, व्यसनी बापाच्या घरातून आलेला, स्थलांतरितांची भाषा बोलणारा समुपदेशक हवा, असं सगळे परिसंवादांत म्हणतात. मग दारात ६०० तासांची उंबरठ्याएवढी नव्हे, भिंतीएवढी अट ठेवतात आणि विचारतात, असे उमेदवार येत का नाहीत?

आता बर्लिनच्या त्या छपराकडे परत. गरिबांचा दवाखाना आणि शिकाऊंची शाळा एकत्र असण्यात मुळात वाईट काही नाही. शिकाऊ समुपदेशक मनापासून काम करते, पुष्कळदा दमलेल्या पगारी माणसापेक्षा जास्त जीव ओतून. पण फुकटातला इंटर्न सेमिस्टरसोबत येतो आणि सेमिस्टरसोबत जातो. कमी शुल्काच्या केंद्रात येणाऱ्या माणसाला सप्टेंबरमध्ये एक चेहरा मिळतो, मे महिन्यात तो निरोप घेतो, पुढच्या सप्टेंबरमध्ये नव्या चेहऱ्याला बालपणापासून सगळं पुन्हा सांगायचं. ज्याच्या आयुष्यात माणसं सोडून गेली हेच मूळ दुखणं आहे, त्याला आपण दरवर्षी ठरल्या तारखेला सोडून जाणारा माणूस देतो. इंटर्नला पगार असता तर तीच व्यक्ती डिग्रीनंतर त्याच संस्थेत राहण्याची शक्यता वाढली असती. आज ती राहत नाही, कारण वर्षभर फुकट राबल्यावर पहिली ओढ कर्ज फेडणाऱ्या नोकरीकडे असते. यात तिचा दोष काय?

“पण सेवाभाव?” हा प्रश्न येतोच. हे काम पैशासाठी करायचं नसतं, विद्यार्थ्यांनी एवढा त्याग करायलाच हवा, असं म्हणणारी बहुतेक माणसं पगारावर असतात, हे मला दरवेळी गमतीचं वाटतं. सेवाभाव ज्याचा त्याने द्यायचा असतो. अभ्यासक्रमाच्या नियमावलीत तो सक्तीने वसूल केला की त्याचं नाव वेठबिगारी होतं.

आणि ही काही न सुटणारी अडचण नाही, हे शेजारच्याच पेशाने दाखवलंय. अमेरिकेत रेसिडेन्सी करणाऱ्या डॉक्टरला पगार मिळतो. तो बराचसा सरकारी पैशातून येतो, कारण मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, सुरू करणाऱ्या १९६५च्या कायद्यापासूनच रुग्णालयांना शिकाऊ डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा खर्च दिला जातो. त्या वेळचा युक्तिवाद सरळ होता: या शिक्षणाने उपचारांचा दर्जा सुधारतो, तेव्हा समाज दुसऱ्या कुठल्या मार्गाने हा खर्च उचलेपर्यंत मेडिकेअरने त्यातला वाटा उचलावा. समाजाने दुसरा मार्ग काही शोधला नाही आणि ‘तोवर’ची सोय साठ वर्षं चालू आहे. समुपदेशकांना तर मेडिकेअरने बिल पाठवण्याचा हक्कच १ जानेवारी २०२४ पासून दिला, तोही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या दराच्या ७५ टक्क्यांवर. म्हणजे सरकारला आता त्यांची सेवा मान्य आहे. ती सेवा तयार कशी होते, याचा खर्च अजून मान्य नाही. इंटर्नना विद्यावेतन देणारे संघराज्य सरकारचे अनुदानित कार्यक्रम आहेत, पण त्यांचा लाभ विद्यापीठाला अनुदान मिळालं तर. ज्याचं नशीब जोरावर त्याला पगार, शेजारच्या विद्यापीठातल्याला शून्य.

ब्रिटनमध्ये तर एकाच देशात दोन कायदे असल्यासारखं आहे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत क्लिनिकल सायकॉलॉजीची डॉक्टरेट करणारा उमेदवार पगारी कर्मचारी असतो. २००८ पासून सुरू झालेल्या सरकारी टॉकिंग थेरपी योजनेतले प्रशिक्षणार्थीही पगारी. पण सर्वसाधारण समुपदेशनाचा कोर्स करणारा आपले १०० तास बहुधा धर्मादाय संस्थेत फुकट भरतो, आणि अनेक कोर्समध्ये स्वतःच्या थेरपीचे पैसेही त्यालाच मोजावे लागतात. दोघांसमोर येणारं माणसाचं दुःख वेगळ्या प्रतीचं असतं का? ऑस्ट्रेलियाने जुलै २०२५ पासून शिक्षक, परिचारिका, सुईणी आणि समाजकार्याच्या गरजू विद्यार्थ्यांना सक्तीच्या प्रात्यक्षिकाच्या काळात साप्ताहिक रक्कम द्यायला सुरुवात केली. समुपदेशनाचे विद्यार्थी त्या यादीत नाहीत.

संस्थाचालकांची एक हरकत मात्र मी गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, पगार द्यायला लावलात तर आम्ही इंटर्न घेणंच बंद करू. खरं आहे. छोट्या संस्थेची कंबर आधीच मोडलेली असते. सुरुवातीचे दोन-तीन महिने इंटर्न कामाचा कमी आणि व्यापाचाच जास्त असतो; जी अनुभवी बाई त्याला शिकवते, तिचे स्वतःचे क्लायंट तेवढा वेळ वाट पाहतात. म्हणूनच हा पैसा संस्थेच्या खिशातून मागण्यात अर्थ नाही. रुग्णालयांना मिळतो तसा तो बाहेरून यायला हवा, आणि त्यात सुपरव्हायझरच्या वेळेचा वाटाही हवा. सध्या सुपरव्हिजन बऱ्याच ठिकाणी कोणीतरी जेवणाच्या सुट्टीत उरकतं. ज्याला मी या शिक्षणाचा कणा म्हणतोय, तो डबा खाता खाता घडवला जातो.

आणि पैशाचा प्रश्न न्यायापाशी थांबत नाही, दर्जापर्यंत जातो. याची चर्चा फार कमी होते. डिग्रीनंतरच्या त्या ३,००० तासांत संस्थेत सुपरव्हायझर नसेल तर उमेदवाराला बाहेरचा शोधावा लागतो आणि अनेकदा त्याची फी स्वतः भरावी लागते. ज्याच्या सहीवर लायसन्स अवलंबून आहे, त्याला उमेदवारच पैसे देतो. विद्यापीठाचंही तसंच: फीवर चालणाऱ्या विभागाला विद्यार्थी गमावणं जड जातं. आचारसंहितेत लिहिलेलं आहे की जो या कामाला योग्य नाही त्याला सुधारण्याची संधी द्या, नाहीच जमलं तर अडवा. प्रत्येक सुपरव्हायझरला असा एखादा उमेदवार भेटतो: हुशार, नोंदी चोख, तास पूर्ण, आणि तरीही क्लायंट रडायला लागला की विषय बदलणारा. त्याला सांगावं लागतं, “अजून नाही. आणखी सहा महिने.” त्या सहा महिन्यांचा खर्च उमेदवाराच्या डोक्यावर पडणार, हे दोघांनाही माहीत असतं. आणि हे सांगायचं कोणी? ज्याच्या टेबलावर त्याच उमेदवाराचा या महिन्याचा चेक पडलेला आहे, त्याने.